म्हणे तुमची सुरक्षितता ही आमची प्राथमिकता

परत तेच. शुक्रवारी रात्री शॉपिंग साइटचा मेल, सब्जेक्ट काय तर ‘तुमच्या अकाउंटबद्दल महत्त्वाचं अपडेट’, आणि तो पडलाय कुठे, प्रमोशन्समध्ये, सेलच्या मेलांच्या ढिगात. वर हसऱ्या कुटुंबाचा बॅनर. पहिला पॅरा तुमचा विश्वास हेच आमचं भांडवल, दुसरा आमची सुरक्षायंत्रणा किती भारी, तिसऱ्यात हळूच, ‘काही ग्राहकांची मर्यादित माहिती अनधिकृत व्यक्तीने पाहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही’. पाहिली म्हणे! शोकेससमोरून चालत गेला का तो? मग ठळक अक्षरात, कार्डाचे नंबर पूर्ण सुरक्षित आहेत. आणि खाली बारीक करड्या अक्षरांत नाव, मोबाईल, पत्ता, जन्मतारीख. अरे कार्ड ब्लॉक करून नवीन मिळतं, जन्मतारीख कुठून बदलून आणू? आणि ती तुम्हाला हवी होती कशाला मुळात, तर वाढदिवसाचं कूपन द्यायला, जे आजतागायत एकदाही चाललेलं नाही. चेकआउटला गेलं की ‘या ऑफरसाठी तुम्ही पात्र नाही’. चोराला मात्र पात्रता लागत नाही.

वर सल्ला, संशयास्पद लिंकवर क्लिक करू नका. लगेच पुढची ओळ, अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा. लिंकचा वेबपत्ता भलताच, कंपनीचं नावसुद्धा धड नाही त्यात. लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या इक्विफॅक्सने 2017 मध्ये हेच करून ठेवलं होतं ना, 14 कोटींहून जास्त लोकांचा डेटा गेला आणि यांनी त्यासाठी वेगळीच साइट काढली, तिथे आपला डेटा गेलाय का बघायला परत आडनाव आणि सोशल सिक्युरिटी नंबरचे (तिकडच्या आधारसारख्या नंबरचे) शेवटचे सहा आकडे टाकायचे, आणि कहर म्हणजे यांच्याच ट्विटर हँडलने लोकांना नकली साइटची लिंक दिली, तीही एकदा नाही. नशीब ती बनवणारा बरा माणूस होता, फसवणं किती सोपंय एवढंच त्याला दाखवायचं होतं.

आणि हे हप्त्याहप्त्याने सांगणं. याहू डिसेंबर 2016 मध्ये म्हणालं 100 कोटी अकाउंट, पुढच्या ऑक्टोबरात म्हणालं, नाही हो, सगळीच, 300 कोटी. लोकांचे पासवर्ड सांभाळणाऱ्या लास्टपासने ऑगस्ट 2022 ला सांगितलं ग्राहकांच्या डेटाला धक्का नाही आणि डिसेंबरात कळलं की व्हॉल्टच्याच, म्हणजे पासवर्डच्या तिजोऱ्यांच्याच कॉपी गेल्यात. एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक केलेल्या आहेत म्हणे, झोपा निवांत. उबर तर त्याहून हुशार, डेटा चोरणाऱ्या हॅकर्सना 1 लाख डॉलर बग बाऊंटीच्या, म्हणजे त्रुटी शोधून देणाऱ्याच्या बक्षिसाच्या नावाखाली दिले आणि वर्षभर चिडीचूप. ट्वेंटीथ्री अँड मीने सरळ लोकांवरच ढकललं, तुम्हीच जुने पासवर्ड परत वापरले. डीएनए गोळा करणाऱ्या या कंपनीला टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत दुसरी पडताळणी, सक्तीचं करायला कोणी अडवलं होतं?

मेल कोणी लिहिलाय ते वाचताक्षणी कळतं, वकिलाने लिहून पीआरवाल्याने गुळगुळीत केलाय. खाली सीईओची स्कॅन केलेली लफ्फेदार सही. सहीवर जेवढी मेहनत दिसते तेवढी सर्व्हरवर असती तर.

मीही कमी नाही. मध्यरात्री उठून सणसणीत रिप्लाय लिहिला, ‘खेदाने नमूद करावेसे वाटते’ पासून सुरुवात, मुद्दे क्रमाने, शुद्धलेखन दोनदा तपासलं, घरातल्यांना उठवून वाचून दाखवला. पाठवला आणि त्याच क्षणी परत, नो-रिप्लाय ॲड्रेस. एवढं सुंदर मराठी मी आयुष्यात लिहिलं नव्हतं, ते एका मशिनने न उघडता फेकलं.

मग चॅटबॉट. ‘तुमची काळजी आम्हाला समजते 🙂’. हा स्मायली ज्याने टाकला त्याला माझ्यासमोर आणा. डेटा कधी गेला विचारलं, ‘अलीकडेच’. किती गेला, ‘तपास सुरू आहे’. बरं मग अकाउंट डिलीट करा, तर ते बटण सेटिंग्जमध्ये कुठेच नाही, साइन-अपचं मात्र दर पानावर. शेवटी एक फॉर्म आला. डिलीट करण्यापूर्वी ओळख पटवण्यासाठी ओळखपत्राचा दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो आणि एक सेल्फी अपलोड करा.

तुमच्याकडे? आत्ता?