टेस्टर लागला म्हणजे लाइन आली, असं नाही

नवीन ओव्हन, हॉब (ओट्यात बसवायची चूल) किंवा डिशवॉशर बसवला, स्विच दाबला आणि काहीच झालं नाही, तर काय करायचं हे सांगणारा एक मेसेज गटागटांतून फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. सॉकेटमध्ये टेस्टर घालून बघा. दिवा लागला तर लाइन ठीक, म्हणजे पीस खराब, बदलून मागा. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, पडत असेल तर पुन्हा पुन्हा चढवा, नाहीतर मोठा टाका. तरीही नाही झालं तर अर्थिंगची पिन काढून लावा. सर्व्हिसचा माणूस यायला उशीर असेल तर मागचं झाकण उघडून फ्यूज बघून घ्या. वर सगळ्यांना पुढे पाठवण्याची विनंती असतेच.

यातला एक सल्ला अर्धा खरा आहे. बाकीचे चुकीचे आहेत आणि त्यातले काही थेट जिवावर बेतणारे.

टेस्टरपासूनच सुरुवात करू, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच निघतो. टेस्टरच्या दांड्यात एक बारका निऑनचा दिवा असतो आणि त्याच्या जोडीला लाखो ओहमचा रोध. मागच्या टोकाला बोट लावलं की फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, नावापुरता प्रवाह त्या रोधातून, दिव्यातून आणि आपल्या अंगातून जमिनीकडे जातो. इतका कमी, की आपल्याला जाणवतही नाही. दिवा लागायला तेवढा पुरतो. 2000 वॉटच्या ओव्हनला मात्र 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर लागतात. म्हणजे टेस्टर फक्त एवढंच सांगतो की या भोकात विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, आहे. तो प्रवाह परत जायला न्यूट्रलची वाट आहे का, आणि वाटेतला सांधा 9 अँपिअर पेलणारा आहे का, हे त्याला कळायचं काही कारणच नाही. कधी कधी तर फेजच्या शेजारून गेलेल्या, कुठेच न जोडलेल्या तारेवरही तो मिणमिणता लागतो.

नव्या पॉइंटवर न्यूट्रल सुटलेला असणं हा अगदी नेहमीचा दोष, आणि मेसेजमधल्या चाचणीत तो कधीच सापडणार नाही. फेजच्या भोकात दिवा छान लागतो, उपकरण मात्र मेलेलं. एकाच बोर्डवर दोन सॉकेट असतील तर याची एक मजेशीर खूण दिसते. एका सॉकेटमध्ये उपकरण लावून स्विच चालू ठेवला आणि दुसऱ्यात टेस्टर घातला, तर फेजच्या आणि न्यूट्रलच्या, दोन्ही भोकांत दिवा लागतो. फेज उपकरणातून पलीकडे जातो, परतीची वाट तुटलेली असल्यामुळे न्यूट्रलच्या तारेवर येऊन अडकतो. हे पाहून पुष्कळजण दोन्हीकडे लाइन आली, डबल फेज झाला, असा निष्कर्ष काढतात. प्रत्यक्षात न्यूट्रल कुठेतरी सुटलाय, आणि ज्या तारेला आपण निरुपद्रवी समजतो ती आता झटका देणारी आहे. अशा वेळी मेन बंद करून वायरमनला बोलवायचं, दुसरं काही नाही.

दुसरा प्रकार ढिल्या सांध्याचा. स्क्रू आवळलाय, पण तो तांब्यावर नव्हे, तारेच्या प्लॅस्टिकवर बसलाय. किंवा सुटे धागे असलेल्या तारेचे चारदोनच धागे स्क्रूखाली आलेत. अशा सांध्यावर टेस्टर लागतो, मोबाइलचा चार्जर चालतो, ओव्हनचं घड्याळसुद्धा उजळतं. तापायचं बटण दाबलं की मात्र दाब कोसळतो आणि डिस्प्ले विझतो. थोड्या वेळाने प्लगची पिन करपट तपकिरी दिसायला लागते आणि जळकट वास येतो. हा वास आला की चाचण्या तिथेच थांबवायच्या.

मग बघायचं कसं? उपकरण प्लगवर चालणारं असेल तर त्याच सॉकेटमध्ये घरातली चालती इस्त्री किंवा पाण्याची इलेक्ट्रिक किटली लावा, अर्थात सॉकेट तेवढ्या अँपिअरचं असेल तरच. पाच मिनिटं नीट तापली तर फेज, न्यूट्रल आणि सांधे या तिन्हींची परीक्षा एकदमच झाली. ती तापली नाही, तर नव्या उपकरणाला दोष द्यायचं कारण नाही. मल्टिमीटर वापरता येणाऱ्याला याहून नेमकं कळतं: फेज ते अर्थ पूर्ण व्होल्टेज, मग ते तुमच्याकडे 230 असो वा 120, आणि फेज ते न्यूट्रल शून्य किंवा भलतंच काही, तर न्यूट्रल गेलाय. मीटर हातात धरायची सवय नसेल तर चालू लाइनवर हा प्रयोग करू नये, इस्त्री पुरते.

आता दुसरा दावा, लाइन ठीक तर पीस खराब. पहिलं अर्धं वाक्यच कोसळल्यावर दुसऱ्यात फारसं उरत नाही, तरी त्यामागचा विचार तपासू. कारखान्यातून निघण्याआधी उपकरणाला वीज देऊन पाहिलेलं असतं. भिंतीतला पॉइंट, केबलचं टोक, कनेक्टरमधले स्क्रू हे सगळं मात्र हाताने आजच जोडलंय आणि अजून एकदाही लोडवर चाललेलं नाही. संशय आधी कुणावर घ्यायचा? मेसेज नेमका उलट जातो, चोर सोडून संन्याशाला फाशी. पीस बदलून येतो, त्याच पॉइंटवर लागतो आणि तोही चालू होत नाही. मग सगळी कंपनीच खराब ठरते.

इलेक्ट्रिक हॉब हे याचं उत्तम उदाहरण. त्याच्या पोटाखाली एका छोट्या झाकणाआड पाच-सहा स्क्रूंची कनेक्शनची पट्टी असते. घरात एक फेज येतो, दोन येतात की तीन, त्याप्रमाणे त्या स्क्रूंना आपापसांत जोडणाऱ्या पितळी पट्ट्या कुठे बसवायच्या याची आकृती झाकणाजवळच छापलेली असते. घरात एकच फेज असताना दुसऱ्या फेजच्या स्क्रूला जोडणारी पट्टी बसवलीच नाही, ती मॅन्युअलच्या पिशवीतच राहिली, तर कधी दोन चुली मुक्या राहतात, तर कधी अख्खं पॅनेल. टेस्टर मात्र भिंतीत झकास लागत असतो. इथे दुरुस्ती म्हणजे मेन बंद करून पट्टी बसवणं आणि स्क्रू आवळणं, तेही जाणत्या माणसाने.

वीज पोचलीय पण उपकरण कामाला लागत नाही, ही आणखी वेगळी तक्रार, आणि मेसेज ती 'पॉवर नाही'मध्येच ढकलतो. काही बिल्ट-इन ओव्हन घड्याळ लावल्याशिवाय तापतच नाहीत. आकडे लुकलुकत राहतात. दुकानात मांडण्यासाठी काही यंत्रांना डेमो मोड असतो, त्यात दिवे आणि आकडे सगळं चालतं, उष्णता येत नाही. चाइल्ड लॉक लागलेलं असू शकतं. डिशवॉशरचं दार 'खट्' होईपर्यंत लागलेलं नसतं. मिक्सरचं भांडं खाचेत पूर्ण फिरलेलं नसतं, किंवा बुडाखालचं ओव्हरलोडचं लाल बटण सुटलेलं असतं. इंडक्शनला लोहचुंबक न चिकटणारं भांडं चालत नाही. फ्रिजमधला दिवा लागतो पण कॉम्प्रेसर गप्प असतो, कारण सुरू व्हायच्या आधी काही मिनिटं थांबण्याची सोय त्यात मुद्दाम ठेवलेली असते. आणि ओट्याखालच्या कपाटात, ड्रॉवरच्या मागे, वायरमनने बसवलेला एक वेगळा स्विच असतो, ज्याबद्दल तो घरातल्या कुणालाच सांगून गेलेला नसतो. (हा शेवटचा प्रकार हसण्यावारी नेऊ नका, आधी तोच बघा.)

एमसीबी पडतो तर पुन्हा पुन्हा चढवा, हा तिसरा सल्ला. एकदा चढवून बघणं योग्यच. तेही नीट, कारण पडलेला खटका बऱ्याचदा अधांतरी थांबतो आणि पूर्ण खाली दाबल्याशिवाय वर टिकत नाही. पण लगेच पुन्हा पडला तर तो काहीतरी सांगतोय. स्विच दाबताच फाटकन पडला तर शॉर्ट. ओव्हन कपाटात मागे सरकवताना त्याच्याच पत्र्याच्या कडेखाली केबल चेचली गेली, असं होतं. काही मिनिटांनी पडला तर त्याच लाइनवर ओव्हन, किटली आणि गीझर एकत्र आले असतील. यावर मोठा एमसीबी हा उपाय नाही. एमसीबी उपकरणासाठी नसतो, तो भिंतीतल्या तारेसाठी असतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर 32 अँपिअरचा एमसीबी बसवला, तर तार प्लास्टरच्या आत तापत राहील आणि एमसीबी निवांत बसेल. जड उपकरणाला बोर्डापासून वेगळी, पुरेशा जाडीची लाइन ओढून घेणं हाच मार्ग.

शिवाय पडतोय तो एमसीबी आहे की आरसीसीबी, हे मेसेज विचारतच नाही. टेस्टचं बटण असतं तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही की तो पडतो. घरात बहुधा 30 मिलिअँपिअरचा असतो. नव्या पॉइंटवर याचं एक कारण निव्वळ वायरिंगचं असतं: फेज आरसीसीबीनंतरचा घेतला आणि न्यूट्रल दुसऱ्याच पट्टीवरून. टेस्टर लागेल, मीटरही बरोबर दाखवेल, पण लोड टाकला की आरसीसीबी पडलाच. दुसरं कारण ओव्हनच्या हीटरचं. त्याच्या नळीत तापतारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते आणि ती ओलावा शोषते. बरेच दिवस गोदामात पडलेल्या कोऱ्या ओव्हनमधूनही त्यामुळे गळती होऊ शकते. ती आहे की नाही हे इन्सुलेशन मोजून ठरतं, खटका दहा वेळा चढवून नाही.

अर्थिंगची पिन काढा, या सल्ल्याला दोन-तीनच वाक्यं पुरेत. अर्थिंगमधून उपकरण चालत नाही, त्यामुळे ती काढल्याने बंद यंत्र चालू होण्याचा संबंध नाही. आणि ती काढल्यावर आरसीसीबी पडायचा थांबला, तर गळती गेलेली नाही. ती आता पत्र्यावर बसून कुणाच्या तरी हाताची वाट बघतेय.

झाकण उघडून फ्यूज बघायचा सल्ला मायक्रोवेव्हच्या बाबतीत तर गुन्हाच म्हणावा असा. आतल्या कपॅसिटरवर हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. तिथे साधा टेस्टर, रबरी चप्पल, लाकडी पाट, काही कामाचं नाही. बाकी उपकरणांत धोका कमी असला तरी सील तोडलं की वॉरंटीचा वाद तुम्हीच ओढवून घेतलात.

राहिला तो वरातीमागून येणारा वाद. बसवायला आलेला माणूस म्हणतो पॉइंट खराब, वायरमन म्हणतो मशीन खराब, आणि घरचे मधे. दोघांनाही एकच काम सांगा: त्याच पॉइंटवर माझ्यासमोर जड लोड चालवून दाखवा. आणि सर्व्हिसला फोन करताना 'चालू होत नाही' एवढंच न सांगता दिवा एकही लागत नाही, की आकडे येतात पण तापत नाही, की स्विच दाबताच आरसीसीबी पडतो, आणि त्या सॉकेटवर इस्त्री चालली की नाही, हे सांगा. येणारा माणूस बरोबर काय घेऊन निघेल, ते यावर ठरतं.