पायलट फुकटात कसा मिळवावा

विमान कंपनी काढायचं मनात आहे ना? काढाच. विमानं भाड्याने मिळतात, पण भाडं वेळेवर लागतं. इंधनवाला उधारीवर फार दिवस थांबत नाही, विमानतळही नाही. पायलटचं मात्र निराळं आहे. तो स्वतःच्या खर्चाने घडतो आणि वर तुम्हालाच पैसे देऊन कामाला लागतो. सोन्याची अंडी देणारी कोंबडी खुराडंसुद्धा विकत घेऊन दारात उभी राहत असेल, तर दाणे टाकायची घाई कशाला?

बारामती, गोंदिया, धुळ्याच्या विमान शिकवणाऱ्या शाळांत बघा. लायसनसाठी लागणारं 200 तासांचं उड्डाण पुरं करायला आलेली पोरं पावसाळ्यात हँगरच्या दाराशी बसून ढगांकडे बघत असतात. ढग हटले तर विमान दुरुस्तीला, विमान मिळालं तर इन्स्ट्रक्टर रजेवर. तिकडे बापाने गुंठे विकलेत आणि बँकेचं व्याज काही हवामान बघून चढत नाही. असं पोरगं लायसन घेऊन आलं की पाठ थोपटा आणि सांगा, ‘छानच, पण आमचं एअरबस चालवायला टाइप रेटिंग लागतं.’ म्हणजे त्या एका प्रकारच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, आणि आणखी काही लाख. नाहीतर ‘कॅडेट प्रोग्रॅम’ असं गोंडस नाव देऊन सगळा मामला एकदम कोटीच्या घरात न्या. शिवाय बाँड लिहून घ्या. शिकायचे पैसे त्याचे आणि पळून गेला तर नुकसान तुमचं, हे स्टॅम्पपेपरवर फार शोभून दिसतं.

कोणी शहाणा म्हणेल की विमान तुमच्या धंद्यासाठी उडतं, तर टाइप रेटिंगचा निम्मा खर्च तुम्ही उचला. बाँडची रक्कम नोकरीच्या दर महिन्याला कमी होत जाऊ द्या. कंपनी बुडाली तर बाँडही बुडू द्या. अशा माणसाला चहा पाजा आणि वाटेला लावा.

नोटिशीची काळजी नको. 2017 पासून डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमानुसार नोकरी सोडताना कॅप्टनने वर्षभर आणि फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, सहा महिने आधी नोटीस द्यायची असते. 2023 मध्ये आकासा एअरचे 43 पायलट नोटिशीचा काळ न भरता गेले, तर प्रकरण थेट मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. तुम्हाला मात्र असली बंधनं नाहीत. जेट एअरवेजची विमानं 17 एप्रिल 2019 च्या रात्री थांबली, गो फर्स्टची मे 2023 मध्ये. वर्षभर आधी कोणी कोणाला कळवलं नव्हतं. कर्ज काढून शिकलेल्यांचे हप्ते तेवढे शिस्तीत चालू राहिले.

आता रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक. रात्री अडीचला गाडी सोसायटीच्या गेटवर, वॉचमन खुर्चीत घोरतोय. उतरायची वेळ येते तेव्हा नेमका सूर्य डोळ्यांत. मग परगावच्या हॉटेलात दुपारी पडदे ओढून पडायचं आणि कॉरिडॉरमधला व्हॅक्यूम क्लीनर ऐकायचा. याला कागदोपत्री ‘विश्रांती’ म्हणतात. कोणी फटीग रिपोर्ट, म्हणजे थकल्याची लेखी तक्रार, दिलाच तर रागावू नका. प्रेमाने विचारा, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ दोनदा असं विचारलं की तिसऱ्यांदा कोणी थकत नाही.

सरकार अधूनमधून मनावर घेतं, तेव्हा घाबरू नका. जानेवारी 2024 मध्ये पायलटांच्या ड्यूटी आणि विश्रांतीचे नवे नियम आले. आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. कंपन्यांनी कुरकुर केली, तारीख पुढे गेली, पायलट दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर नियम जुलै आणि नोव्हेंबर 2025 असे दोन हप्त्यांत लागू झाले. एवढ्या अवधीत एखाद्याने पायलट भरले असते. तुम्ही भरू नका. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं, एकाच दिवशी हजारावर उड्डाणं रद्द झाली, लोक विमानतळावर बॅगांवर डोकं ठेवून झोपले. (पायलटांपेक्षा त्यांचीच झोप जास्त झाली असावी.) आणि सवलत कोणाला मिळाली? इंडिगोलाच, रात्रीच्या नियमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत.

तेव्हा भरतीच्या जाहिरातीवर पैसे घालवू नका. सवलतीचा अर्ज तेवढा टाइप करून ठेवा, तारखेची जागा कोरी सोडून.