पाटे किती?

2023 च्या ऑक्टोबरअखेर कांदा साठवायच्या चाळीत उरलेल्या उन्हाळ कांद्याला क्विंटलमागे चार हजारांच्या वर भाव मिळाला आणि आमच्या घरातलं शहाणपण संपलं. आण्णांनी हिशोबपट्टी दोनदा वाचली, घडी करून टोपीत ठेवली आणि जाहीर केलं, "आता भाड्याची गाडी बास. आपली पिकअप घ्यायची."

आमच्या निफाड तालुक्यात पिकअप हे नुसतं वाहन नाही, ते मोजमाप आहे. बाजार समितीत आज आवक किती? तर एवढे ट्रॅक्टर आणि एवढ्या पिकअप. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही, त्याचा कांदा दुसऱ्याच्या गाडीच्या नावावर मोजला जातो. आण्णांचं हे जुनं दुखणं.

मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून निवडीचं काम माझ्याकडे आलं. वहीत रकाने आखले: कोणती गाडी पाठीवर किती वजन पेलते, म्हणजे पेलोड. बोलेरो पिकअप: एक 1.3 टनाची, एक 1.7 टनाची. टाटा योद्धा 2.0: दोन टन. इंट्रा व्ही-50: दीड टन. शिवाय अशोक लेलँडची दोस्त, जी मला केवळ नावामुळे आवडली होती. छोटा हत्ती आण्णांनी रकाना आखायच्या आधीच बाद केला. "हत्ती म्हनायचं आन वर छोटाबी म्हनायचं, ह्याला काय अर्थ?"

तेवढ्यात टेक्सासहून भाच्याचा फोन आला. "मामा, पेलोड काय बघत बसलास? टोईंग कपॅसिटी बघ!"

त्याच्याकडे टोयोटा टॅकोमा आहे. तिकडे तिला मध्यम आकाराची पिकअप म्हणतात. आमच्या गल्लीत ती आणायची तर दोन्ही बाजूच्या ओसऱ्या पाडाव्या लागतील. मागे हूक लावला की सहा हजार पौंडांच्या वर, म्हणजे पावणेतीन टन सहज ओढते, असं तो सांगत होता. सुट्टीच्या दिवशी तो तिला बोट जोडतो. मी विचारलं, "आणि हौद्यात किती बसतं?"

"सात-आठशे किलोच्या आत."

आण्णा शेजारीच होते. "एवढी थोरली गाडी आन सात क्विंटल? मग बाकीची गाडी काय मिरवायला?"

मी पेलोड आणि टोईंगमधला फरक समजावायला घेतला, तर मला थांबवून म्हणाले, "बैलाच्या पाठीवर दोन पोती टाकली तर तो बसतो. तीच जोडी गाडीला जुंपली तर पंधरा पोती वढते. पेलनं निराळं, वढनं निराळं. एवढं कळायला पोराला अमेरिकेला जावं लागलं?"

तरीही भाच्याचा मान राखायचा म्हणून शोरूममध्ये मी पहिला प्रश्न तोच केला. "टोईंग कपॅसिटी किती?"

विक्रेता मुलगा खुलला. "टोईंग एकदम फ्री आहे सर! गाडी कुठेही बंद पडू द्या, फक्त फोन करायचा."

"तसं नाही. मला या गाडीनं दुसरं काही ओढायचं झालं तर?"

त्यानं क्षणभर विचार केला. "दुसऱ्या कंपनीची गाडी असेल तर चार्ज लागेल सर."

एव्हाना आण्णा दिसेनासे झाले होते. शोधलं तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पाठीखाली कुणाचा तरी पेपर अंथरलेला. मुलगा वाकून पॉवर स्टिअरिंग, मोबाइल चार्जिंग, हवेशीर केबिन वगैरे सांगत होता आणि खालून फक्त टिक्, टिक् आवाज येत होता. आण्णा बोटातल्या अंगठीनं मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, एकेक करून वाजवत होते. गाडी किती माल पेलेल हे कंपनी कागदावर लिहिते. आमच्याकडे ते पाट्यांवर ठरतं.

"एक पाटा वाढवून देनार का?" गाडीखालून प्रश्न आला.

"वॉरंटी जाईल, बाबा."

"आमचा कांदा जातो तवा त्याची वॉरंटी कोन देतं?"

मग टेस्ट ड्राइव्ह. रिकामी गाडी चढाला चढली यात काय नवल, रिकामा माणूसबी पळतोच, असं म्हणून आण्णांनी केबिनमध्ये बसायला नकार दिला. ते धोतर खोचून हौद्यात चढले आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिथं उड्या मारू लागले. मी मागच्या चाकाशी वाकून पाटे किती दबतात ते बघायचं, असं ठरलं. शोरूममधली चार माणसं चहा सोडून बाहेर आली. दोन कंपन्यांच्या गाड्यांवर हा प्रयोग झाला. तिसऱ्या ठिकाणी मी आण्णांना न सांगता गेलो.

घरी तिसरीच बाजू निघाली. "पुढं तुम्ही आणि आण्णा," बायको म्हणाली, "मग वणीच्या गडावर जायचं तर मी कुठं बसायचं? कांद्यात?" तिनं मोबाइलवर इसुझू व्ही-क्रॉस शोधून ठेवली होती. पाच माणसांची सीट, मागे हौदा, दिसायला नवरदेव. किंमत ऐकून आण्णांनी टोपी काढून आत ठेवलेली पट्टी पुन्हा वाचली आणि टोपी परत घातली. विषय संपला.

मी शेवटचा प्रयत्न म्हणून फळ्यावर मांडतो तसं गणित मांडलं. "1.7 टन म्हणजे सतरा क्विंटल. त्यावर एक पाटीभरही कांदा नाही. 2019 च्या कायद्यानं ओव्हरलोडला वीस हजार दंड आहे, वर जादा टनाला दोन हजार. याच वर्षी फेब्रुवारीत लाल कांदा पाचशेच्या आसपास होता. चोवीस क्विंटल भरला असता तर झाले बारा हजार. म्हणजे अख्ख्या गाडीचा कांदा दंडात देऊनही आठ हजार खिशातून."

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "रातच्याला कोन बघतंय?"

शेवटी कोणती घेतली ते सांगत नाही. सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, अरेरे, ती दुसरी घ्यायची होती. बुकिंगचे पैसे मात्र आम्ही 7 डिसेंबरला भरले. त्याच रात्री केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. सकाळी पेढ्यांचा बॉक्स उघडायच्या आधी भाव उघडला, तोही पडलेलाच. आण्णा दिवसभर चाळीत बसून होते.

गाडी आली. पुढच्या दोन महिन्यांत तिनं सप्ताहाचा मंडप, तीन लग्नांच्या गाद्या, सरपंचांच्या घरची म्हैस आणि अंगणवाडीचं कपाट वाहिलं. डिझेल कुणी टाकलं नाही, हौदा कुणी धुतला नाही. कांदा तेवढा आमचा.

मार्चमधल्या एका रात्री भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. मी मळ्यातच उभा होतो, चिखलात, पोटरीपर्यंत. शेजाऱ्यानं पिकाला बारे देताना पाण्याचा दांड फुटला होता आणि पाणी आमच्या वाटेवर आलं होतं. मी घरी जेवत असताना आण्णांनी सतरावर आणखी सात क्विंटल चढवून घेतले होते.

"मामा, टोईंग केलं की नाही अजून?"

"चालू आहे की आत्ता," म्हणालो आणि फोन फिरवला. पुढं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर, मध्ये ताणलेला दोर, त्याला टोचन केलेली आमची पिकअप. चाक जागच्या जागी फिरत होतं.

मागून बॅटरीचा उजेड हलला. आण्णा हौद्याखाली वाकले होते. टिक्, टिक्.

"म्हनलं होतं का न्हाई," खालून आवाज आला, "एक पाटा कमी पडतोय."