खुलासा : तक्रार आधी संस्थेकडेच द्यावी लागत नाही

‘संस्थेच्या शिबिरात मुलाशी लैंगिक गैरप्रकार झाला तर आधी संस्थेच्या समितीकडे जा, थेट पोलिसांत गेलात तर बदनामीचा खटला होईल’ असा मेसेज सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. हे खोटं आहे. असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२) कलम १९ नुसार बंधनकारक आहे, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला त्याच कलमाचं संरक्षण आहे. उलट हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. समितीत संस्थेचीच माणसं असतील, तर चौकशी तिच्यावर कशी सोडायची? बालगृहांना निदान सरकारनं नेमलेली तपासणी समिती दर तीन महिन्यांनी भेट देते. वस्तीतल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गांना तीही नाही. मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन १०९८, चोवीस तास, मोफत.