नोव्हगोरोद स्किप करा म्हणे!

रशियाला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक मेसेज परत परत फिरतोय: वेलिकी नोव्हगोरोद प्लॅनमधून काढून टाका, युद्धात सगळं उडालं आणि आता दिसतं ते नवीन बांधलेलं, चर्चं सगळी एकसारखी, म्युझियममध्ये झाडाच्या साली ठेवल्यात, आणि पीटर्सबर्गहून जायचं तर अख्खा दिवस फुकट. लिहिणारा बहुतेक बसमधून खाली उतरलाच नसावा.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून तर तो खपतो. ऑगस्ट १९४१ ते जानेवारी १९४४ शहर जर्मनांच्या ताब्यात होतं, घरं मोजकीच उरली. शहराबाहेरचं ११९८ चं नेरेदित्सा चर्च तोफांनी पार जमीनदोस्त झालं, आज उभं आहे ते परत बांधलेलं आणि आतली बहुतेक भित्तिचित्रं कायमची गेली, हे मान्यच. पण म्हणून सगळंच नवीन? इथल्या क्रेमलिनमधलं, म्हणजे शहराच्या जुन्या किल्ल्यातलं सेंट सोफिया कॅथेड्रल १०४५ ते १०५० मधलं आहे, युद्धानंतर दुरुस्ती झाली पण भिंती त्याच. १२३८ मध्ये मंगोल फौज शहरापर्यंत न पोचताच मागे फिरली, त्याचा हा फायदा. पश्चिमेकडचा बाराव्या शतकातला कांस्याचा दरवाजा जवळून बघा, जर्मनीत माग्देबुर्गला घडवलेला, आणि खाली डावीकडे कारागिरांनी बायबलच्या प्रसंगांशेजारी चक्क स्वतःच्याच मूर्ती बसवल्यात, हातात अवजारं घेऊन, वर नावंही कोरलीत, म्हणजे तेव्हाही क्रेडिट सोडत नव्हते लोक. समोरचं १८६२ चं रशियाच्या सहस्राब्दीचं स्मारक जर्मनांनी न्यायला म्हणून सुटं केलं होतं, ते १९४४ मध्येच परत जोडलं. त्यावर शंभराहून जास्त ऐतिहासिक व्यक्ती आहेत पण झार इव्हान द टेरिबल नाही, १५७० मध्ये त्याने याच शहरात कत्तल केली होती.

चर्चं एकसारखी हे म्हणजे आपली सगळी हेमाडपंती देवळं सारखीच म्हणण्यातला प्रकार. सोफिया रुंद, जड, अनेक घुमटांचं. नदीपलीकडे इल्यिना रस्त्यावरचं १३७४ चं चर्च एका घुमटाचं, आणि आत १३७८ मध्ये थिओफानेस द ग्रीकने काढलेली चित्रं, विटकरी-तपकिरी रंगात आणि वर पांढरे झरझर फटकारे. बरीच झिजलीत, तरी वर घुमटात बघाच.

आता त्या साली. मेसेजमधलं सगळ्यात अडाणी वाक्य हेच. इथली जमीन ओली, चिकणमातीची, खाली हवा जात नाही म्हणून लाकूड कुजत नाही, एका रस्त्याच्या उत्खननात लाकडी फरसबंदीचे २८ थर एकावर एक सापडले. १९५१ मध्ये तिथेच बर्च झाडाच्या सालीवर टोकदार अवजाराने कोरलेलं पहिलं पत्र मिळालं, शाईच नाही त्यामुळे पुसायचा प्रश्नच नाही, आणि आजवर हजाराच्या वर पत्रं निघालीत. राजेबिजे नाहीत हो त्यात, उधारी, घरातल्या सूचना, भांडणं. मिकिता नावाचा माणूस उल्यानित्साला लिहितो, माझ्याशी लग्न कर, मला तू हवीस आणि तुला मी, आणि साक्षीदार इग्नात! प्रेमपत्रातसुद्धा साक्षीदार. तेराव्या शतकातला ओन्फिम नावाचा पोरगा अक्षरं गिरवता गिरवता कंटाळला आणि घोड्यावर बसून शत्रूला भाला मारतानाचं चित्र काढून बसला, घोडेस्वाराशेजारी नाव अर्थात स्वतःचं. साधी माणसं आठशे वर्षांपूर्वी एकमेकांना काय लिहीत होती हे इतक्या ढिगाने फार कमी ठिकाणी वाचायला मिळतं.

राहिला दिवस. पीटर्सबर्गहून लास्तोच्का ट्रेनने साधारण तीन तास, सकाळी निघून रात्री परत येता येतं, पण जुन्या लाकडी घरांचं उघड्यावरचं म्युझियम वितोस्लावलित्सी आणि शेजारचा युरिएव मठ धरलात तर एक रात्र मुक्काम कराच, नाहीतर शेवटी धावपळ होते. तिकीट काढताना निझनी नोव्हगोरोद निवडू नका, ते व्होल्गाकाठचं भलतंच शहर आहे. आणि भारतातली व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, रोख रुबल ठेवा.