दुपट्याची पातळी

चूक तोंडाची. हात बिचारे नंतर अडकले.

लेकीच्या डोहाळजेवणात ओटी भरून झाली, पेढा की बर्फी तेही उघडून झालं, आणि साताऱ्याच्या विहीणबाई कंदी पेढ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवत सहज म्हणाल्या, "गोधडी आमच्याकडून हं. माझ्या जुन्या पातळांची शिवतेय. हातानं."

त्यातलं ते 'हातानं' मला झोंबलं. मी म्हणाले, "छानच की. दुपटं मी विणतेय. क्रोशाचं."

लेकीचा घास हातातच राहिला. क्रोशाची सुई मी जन्मात एकदाच धरली होती, आठवीत, कार्यानुभवाच्या तासाला. रुमालाची कड विणायची होती. ती आईनं विणली, मार्क मला पडले. आमच्या आईला क्रोशाचं एवढं वेड, की घरातला रेडिओ झालरीखाली दिसायचाच नाही, नुसता ऐकू यायचा. हे असलं रक्तात उतरत असेल अशी माझी समजूत होती. रक्तात फक्त आईचा चष्म्याचा नंबर उतरलाय.

दुसऱ्या दिवशी आमच्या सांगलीच्या हरभट रोडवर लोकर आणायला गेले. दुकानदार म्हणाला, "निळी का गुलाबी?" म्हटलं, अजून काय ते ठाऊक नाही. "मग पिवळी न्या." हळदीच्या गावात पिवळ्याला नाही कोण म्हणणार? लिंबू रंगाचे पाच गुंडे आणि 4 मिलिमीटरची सुई घेतली. "पुरतील ना हो पाच?" "पुरतात की ताई!" हा 'की' सांगलीत कुणी लावला, की वाक्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते, हे मला पन्नाशी उलटली तरी लक्षात राहत नाही.

मग हिशेब मांडला. खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका. इंचाला चार खांब, म्हणजे 30 इंच रुंदीला 120. इंचाला दोन ओळी, म्हणजे 36 इंच लांबीला 72. एकूण 8640 खांब. कागद यांना दाखवला. हे म्हणाले, "तीनशे रुपयांत तयार मिळतं." मी म्हणाले, "ते मशीनचं. खरं क्रोशाचं काम मशीनला जमत नाही." ही माहिती मला आदल्याच रात्री कळली होती, पण सूर असा लावला की जणू मीच त्या मशीनला नापास केलंय.

ज्यांनी हा उद्योग केला नाही त्यांच्यासाठी सांगते. सुईला दोऱ्याचा एक वेढा द्यायचा. मग सुई खालच्या टाक्यात घालायची आणि दोरा ओढून आणायचा. आता सुईवर तीन वेढे. पुन्हा दोरा घेऊन दोनांतून काढायचा, उरले दोन. पुन्हा दोरा, उरलेल्या दोनांतून बाहेर. हा झाला खांब. एक. राहिले 8639. सुरुवातीचा वेढा दिलाच नाही तर होतो तो मुका खांब: बुटका, घट्ट, गप्प. शब्द किती नेमका! आणि आपलं हे मराठी मी सोडलं आणि मोबाइलवर इंग्रजी बायकांच्या नादी लागले. तिथं अमेरिकेतली बाई ज्याला 'सिंगल' म्हणते, त्याच टाक्याला इंग्लंडातली बाई 'डबल' म्हणते. सकाळी मी अमेरिकेत शिकायचे, संध्याकाळी इंग्लंडात. त्यामुळे पहिल्या आठ ओळींत चार उंच, चार बुटक्या. साताऱ्याहून सुनेची खुशाली विचारायला फोन आला, तेव्हा विहीणबाईंनी सहज विचारलं, "कसल्या टाक्याचं घेतलंय?" मी म्हणाले, "मिक्स डिझाइन आहे." फोन ठेवला आणि आठही ओळी उसवल्या.

उसवणं मात्र मला पहिल्या दिवसापासून उत्तम यायला लागलं.

एव्हाना आषाढ लागला होता. पावसाळ्यात सांगलीचा माणूस सकाळी उठून आधी देवाला नमस्कार करत नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी किती फूट ते विचारतो. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर गावभागातल्या आम्हा लोकांचा जीव त्या पुलाच्या आकड्यालाच टांगलेला. हे रोज सकाळी छत्री घेऊन पुलावर जायचे आणि आल्यावर चपला काढता काढता बातमी द्यायचे, "आयर्विन 22 फूट. कोयनेतून विसर्ग वाढवलाय. आपली पातळी किती?"

"नऊ इंच."

"काल अकरा होती ना?"

"दोन उसवले."

"म्हणजे पाणी ओसरतंय." आणि वर चहा मागायचे.

खरं संकट वेगळंच होतं. दुपटं वाढत होतं, पण वर निमुळतं होत चाललं होतं. मला वाटलं, हात घट्ट पडत असेल. एकतिसाव्या ओळीला पलंगावर पसरलं तर खाली तीस इंच आणि वर साडेबावीस. हे बघून म्हणाले, "पैलवानाचा लंगोट झालाय." कुस्तीच्या मातीतला माणूस, उपमा चुकत नाही. मोजले तर वर 90 खांब. दर ओळीत एक, असे तीस खांब मी वाटेत गमावले होते. ओळ उलटताना जी तीन साखळ्यांची उभी दांडी घालतात, तीच पहिला खांब धरायची असते, आणि पुढच्या ओळीत शेवटचा टाका तिच्या डोक्यावर घ्यायचा असतो. मी तिला आधाराची काठी समजून दर वेळी ओलांडून जात होते.

पुन्हा उसवलं. पाऊण तासात एकतीस ओळी. उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी होते आणि आपल्याकडे बघत बसते.

त्यानंतर मी मोठ्यानं मोजायला लागले. "सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस..." कुणी मध्ये बोललं की हात वर करून थांबवायचं. कामाच्या मावशी, दूधवाला, कुकरची शिट्टी, सगळे माझ्या हाताकडे बघून गप्प व्हायला शिकले. कुकर तेवढा नाही शिकला. पाणी 34 फुटांवर गेलं त्या दिवशी खबरदारी म्हणून सामान माडीवर न्यायचं ठरलं. हे कागदपत्रांची पेटी शोधत होते, मी लोकरीची पिशवी घेऊन केव्हाच वर गेले होते.

अठ्ठावनाव्या ओळीला लोकर संपली. पुरतात की! परत हरभट रोड. त्यानं तोच नंबर, तीच कंपनी दिली. घरी येऊन वेष्टनावर बघितलं तर लॉट दुसरा. दोन्ही गुंडे उन्हात शेजारी ठेवले: पहिला लिंबू, दुसरा अस्सल राजापुरी हळद. मग अक्कल चालवली आणि दोन्हीकडे सात-सात ओळींची हळदी पट्टी घातली. बघणाऱ्याला वाटावं, काठच आहे. साडीच्या देशात काठ सगळं निभावून नेतो.

नातू आला. मिरजेच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि शेवटी सांगितलं, पहिलं वर्षभर बाळ झोपलेलं असताना अंगावर सैल पांघरूण घालायचं नाही, पाळण्यात तर नाहीच. मी विचारलं, "क्रोशाचं सुद्धा?" लेकीनं माझा पदर ओढला. जागेपणी मांडीवर घेताना चालेल म्हणाले. गोधडीलाही तोच नियम आहे हे कळल्यावर जरा बरं वाटलं.

बारशाला विहीणबाई आल्या. निवृत्त शिक्षिका, विषय गणित. जेवणं होईपर्यंत दुपटं त्यांच्याच मांडीवर होतं. उलटं केलं, सुलटं केलं, काठावरून अंगठा फिरवला, बोलल्या काही नाहीत. मग बाळाला त्यात गुंडाळून पाळण्याच्या खालून-वरून देणंघेणं सुरू झालं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." आत्यानं कानात कुर्र केलं, पाठीवर बुक्के खाल्ले, बायका हसल्या, पाळणा सुरू झाला. माझे डोळे भरून आले होते. तेवढ्यात विहीणबाई माझ्या कानाशी वाकल्या.

"वरच्या काठाला एकशेएकोणीस आहेत हो," त्या म्हणाल्या. "दोनदा मोजले."