दहा जादूगार आले म्हणून पलटण मोडीत काढू नका

‘साम्राज्यात जादूची लष्करी शाळा काढा. दरवर्षी शंभर फायरबॉलवाले, म्हणजे आगीच्या स्फोटाचा मंत्र टाकणारे, बाहेर पडतील. मग पायदळ नको, किल्ले नकोत. दहा जादूगार म्हणजे एक पलटण.’ जळगाव-धुळ्याकडे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या फाशांवरच्या कल्पित साहसांच्या खेळात नव्या कॅम्पेनची, म्हणजे अनेक बैठकींच्या कथेची, तयारी सुरू झाली की हा दावा हमखास पुढे येतो आणि फोनवरून फिरत राहतो. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४चे नियम समोर ठेवून हिशेब केला, तर त्यातलं फार थोडं टिकतं.

‘एका फायरबॉलमध्ये पलटण साफ’

फायरबॉलची त्रिज्या २० फूट, म्हणजे साधारण १,२५६ चौरस फूट जागा. ती किती, हे रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत उभं राहिलं की कळतं. लागवड पाच बाय पाच फुटांवर असेल, तर एका खोडाला जेवढी जागा तेवढीच खेळाच्या नकाशावर एका सैनिकाला. मधोमध फायरबॉल पडला तर पन्नासेक खोडं जळतील. एकरात अशी १,७४२ खोडं असतात. म्हणजे एकर साफ करायला किमान ३५ फायरबॉल. प्रत्यक्षात जास्तच, कारण गोल गोल डागांनी चौकोनी शेत भरत नाही, कोपरे उरतात.

पाचव्या लेव्हलच्या (पातळीच्या) विझर्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच; स्लॉट म्हणजे मंत्र टाकायची संधी, आणि फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा. तासभर विश्रांती घेतली तर आर्केन रिकव्हरी या विझर्डच्या क्षमतेने आणखी एक. दिवसाला तीन. म्हणजे त्या एका एकरासाठी बारा जादूगार लागले, तेही समोरची माणसं खोडासारखी जागेवर उभी राहिली तर. सैनिकांमध्ये दहा-दहा फूट अंतर ठेवा, मग एका फायरबॉलखाली बाराच येतात.

दाव्यातला खरा भाग इथे आहे, तो लपवायचं कारण नाही. फायरबॉलची सरासरी इजा २८, सेव्ह (बचावाचा फासा) लागला तरी १४. साध्या गार्डचे (पहारेकऱ्याचे) एचपी, म्हणजे जीव, ११. पुलावर, खिंडीत, वेशीच्या तोंडाशी दाटीत सापडलेले गार्ड जवळपास सगळे जातात. पण ५८ एचपीचा व्हेटरन (मुरलेला सैनिक) सरासरी फायरबॉल खाऊन उभा असतो, आणि पुढच्या पाळीला तलवार घेऊन येतो.

‘जादूगार लांबून मारतो, त्याला कोण गाठणार?’

फायरबॉलचा पल्ला १५० फूट. लाँगबोचा (लांब धनुष्याचा) साधा पल्लाही १५०च, आणि डिसअॅडव्हांटेज (फासा दोनदा टाकून कमी आकडा धरायचा) घेऊन ६०० फूट. म्हणजे जादूगाराला बाणांच्या माऱ्यात ४५० फूट चालून यायचंय. धावत आला तरी फेरीला ६० फूट, म्हणून आठ फेऱ्या.

जादूगाराचे डेक्स (चपळाई) आणि कॉन (दमदारपणा) दोन्ही १४ धरा. पाचव्या लेव्हलला एचपी ३२, मेज आर्मर हा मंत्र घालून एसी (बाण लागायला गाठावा लागणारा आकडा) १५, वर शील्ड हा मंत्र टाकला की २०. समोर स्काउटच्या (टेहळ्याच्या) दर्जाचे शंभर तिरंदाज, हल्ल्याच्या फाशात अधिक चार, प्रत्येकाचा एकच बाण. एसी २० ला लागायला वीस बाजूंच्या फाशावर १६ हवेत, तेही दोनदा. शंभरात सहा बाण लागतात. बाणामागे साडेसहा इजा, एकूण चाळिसाच्या आसपास. शील्ड असूनही पहिल्याच फेरीत आडवा.

अदृश्य होऊन आला तर? एक फायरबॉल नक्की पडेल. पण स्पेल (मंत्र) टाकताच इनव्हिजिबिलिटी संपते, आणि तो १५० फुटांवर उघडा पडतो. तिथे डिसअॅडव्हांटेज नाही. उरलेल्या पन्नासांपैकी बाराचे बाण लागतात. तीन लाख रुपयांचा बैल एका खेपेपुरता जुंपावा, तसा हा व्यवहार आहे.

‘शाळा दरवर्षी शंभर तयार करेल’

सगळ्यात कच्चा मुद्दा हाच. पाचवी लेव्हल ६,५०० एक्सपीला (अनुभवाच्या गुणांना) मिळते, आणि नियमाप्रमाणे एक्सपी मुख्यतः लढाईतून येतो. एका गॉब्लिनचे, म्हणजे छोट्या राक्षसाचे, ५०. चौघांच्या तुकडीला २६,००० एक्सपी लागतात, म्हणजे ५२० गॉब्लिन. शंभर पदवीधरांना १३,०००. एवढे गॉब्लिन दरवर्षी आणायचे कुठून, आणि त्यांच्याशी लढताना किती विद्यार्थी मरतील, हे दाव्यात कुठेच नाही. पहिल्या लेव्हलच्या विझर्डचे एचपी सात-आठ. दोन भाले लागले की संपला.

डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) वर्गातल्या शिक्षणालाही एक्सपी द्यायचं ठरवलं तरी खर्च सुटत नाही. लेव्हल वाढली की दोन स्पेल फुकट मिळतात. त्यापलीकडचा प्रत्येक स्पेल वहीत उतरवायला लेव्हलमागे दोन तास आणि ५० सोन्याची नाणी. तिसऱ्या लेव्हलचा एक स्पेल शंभर वह्यांत म्हणजे १५,००० नाणी.

‘किल्ले बाद’

फायरबॉलची इजा प्राण्यांना होते. पेटतं ते जळाऊ सामान. दगडी तटाला काहीच होत नाही. अकबरासारख्याला असिरगडापुढे वेढा घालून बसावं लागलं, १६०१ मध्ये गड हाती आला. त्याच्याकडे दहा फायरबॉलवाले असते तरी तो तट तसाच उभा राहिला असता. तुमच्या साम्राज्यातल्या किल्लेदाराने फक्त गवती छपरं काढावीत, आणि वैरण व दारूगोळा एका जागी ठेवू नये.

मग शाळेचा उपयोग काय?

पुष्कळ, फक्त पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या पोरांकडून. फ्लोटिंग डिस्क, म्हणजे सामान वाहणारी तरंगती थाळी, रिच्युअल (सावकाश विधी) म्हणून टाकली तर स्लॉट जात नाही. दहा मिनिटं लागतात, तासभर टिकते, ५०० पौंड उचलते. म्हणजे सव्वादोन क्विंटल दाणागोटा. मोल्ड अर्थ, हे नंतरच्या पुरवणीतलं कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा मंत्र), सहा सेकंदांत पाच फुटांचा घन उकरून माती शेजारी टाकतं: खंदक आणि बांध एकदमच. तासाला सहाशे घन, कागदावर. अट एकच, माती सैल हवी. वैशाखातली तडकलेली काळी माती ‘सैल’ मानायची की नाही, हे डीएमने आधीच सांगून टाकावं. नाही म्हटलं तर जादूगारापुढे नांगर चालवा, सुटलेला थर उचला, पुन्हा नांगरा. वेग पडेल, पण काम होईल.

पाचव्या लेव्हलला पोचलेले जे थोडे असतील, त्यांना सेंडिंग, म्हणजे दूर निरोप पाठवायचा मंत्र, आधी शिकवा. स्लॉट फायरबॉलचाच लागतो, पण पंचवीस शब्दांत दूरची घोडदळाची तुकडी वळवता येते. आणि सामान डिस्कवर असलं तरी मागे बैलगाड्या ठेवाच, कारण दहा फुटांचा चढ-उतार आला की डिस्क अडते, आणि तापीकाठच्या घळी त्याहून खोल आहेत.